भागीरथाची चिनी कसरत

भागीरथा गेली तेव्हा तिचे गुडघे चांगले होते. हे मला लोकांना सांगावंसं वाटतं, पण भेटायला आलेला माणूस ते विचारत नाही. तो विचारतो, काय झालं, किती वाजता झालं, दवाखान्यात नेलं होतं का. भाद्रपदात सकाळी दहाच्या सुमारास मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिच्या छातीत दुखलं. गाडी येईपर्यंत सगळं संपलं. एवढं सांगितलं की माणूस मान हलवतो, चहा पितो आणि जातो. गुडघ्यांचं सांगायचं राहून जातं.

म्हणून ते आधी सांगतो.

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. सेवाग्रामच्या पुढे चार किलोमीटरवर आमचं गाव. माझी दीड एकर ओलिताची जमीन. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. या शेतीत उभं राहून करायचं काम फार थोडं. निंदायचं तर बसून, तोडायचं तर वाकून, जुड्या बांधायच्या तर उकिडवं बसून. तीस-चाळीस वर्षं असं बसल्यावर बायकांचे गुडघे जातात. आमच्या गावात पन्नाशीच्या पुढची बाई उठताना जमिनीला हात लावते आणि 'अवं माय' म्हणते. ते इतकं सवयीचं झालं आहे की कोणी वळूनही पाहत नाही.

भागीरथाचे गुडघे पंचावन्नाव्या वर्षी गेले. टमाट्याचं रिकामं क्रेट उलटं टाकून ती त्यावर बसायची आणि निंदायची. दोन हात पुढे सरकायचं तर आधी क्रेट सरकवायचं. आमची मुलगी जया सिंदी मेघेला राहते, दुसऱ्या मजल्यावर. नातवाच्या बारशाला भागीरथा वर कशीबशी चढली. उतरताना मात्र भिंतीकडे तोंड करून, लहान पोरासारखी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरली. पाहुणे खाली थांबून पाहत होते. त्यानंतर दोन वर्षं ती जयाकडे गेली नाही. कारण विचारलं की म्हणायची, वेळ नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याची झीज आहे. वजन कमी करा, व्यायाम करा, अगदीच चालेना झालं तर ऑपरेशनचं पाहू. व्यायाम कोणता करायचा हे कागदावर चित्रं काढून दिलं. तो कागद आमच्याकडे भिंतीतल्या देवळीत वर्षभर पडून होता.

मग वर्ध्याच्या एका संस्थेनं बारा गावांत गुडघेदुखीसाठी एक कार्यक्रम काढला. प्रत्येक गावातून एक बाई न्यायची, तिला दहा दिवस चिनी व्यायाम शिकवायचा, आणि तिनं गावात येऊन तो बाकीच्या बायकांना शिकवायचा. त्या व्यायामाचं नाव बादुआनजिन. आठ हालचाली असतात. सगळं उभ्यानं आणि सावकाश. काही उचलायचं नाही, धावायचं नाही. चीनमध्ये म्हातारी माणसं शेकडो वर्षांपासून सकाळी हे करतात, असं त्या लोकांनी सांगितलं. आमच्या गावातून भागीरथा गेली, कारण दुसरी कोणी जायला तयार नव्हती.

मी हसलो होतो. म्हटलं, "आता चीनवाले तुह्ये गुडघे बरे करणार काय?"

ती म्हणाली, "तुमच्या खिशातला मोबाईल कुठचा हाये? थो चालते ना?"

सुरुवातीला फरक पडला नाही. तीन महिन्यांनी ती म्हणाली की सकाळी उठल्यावर पाय आखडतात ते कमी झालं. वर्षानं क्रेट सुटलं. दुखणं पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही, थंडीत दुखायचंच. पण दीड वर्षानं ती हातात वांग्याची पिशवी घेऊन जयाच्या दुसऱ्या मजल्यावर चढली, आणि संध्याकाळी समोर तोंड करून खाली उतरली. कठड्याला हात होता, पण तोंड समोर होतं. मी खाली उभा होतो.  मला तेव्हा जे वाटलं ते पुन्हा फार कमी वेळा वाटलं आहे.

आधी सहा बायका यायच्या. मग बावीस झाल्या. रोज सकाळी सहाला आमच्या अंगणात. भागीरथा सगळ्यांकडे पाठ करून पुढे उभी राहायची, म्हणजे तिचा डावा तो सगळ्यांचा डावा. चिनी नावांत आभाळ होतं, घुबड होतं, ससाणा होता. ती नावं बायकांच्या लक्षात राहीनात, नुसत्या हसायच्या. मग तिनं आपली नावं ठेवली. पाय फाकवून धनुष्य ओढायचं असतं, त्याला ती गोफण म्हणायची, कारण ज्वारीवरची पाखरं हाकलताना हात तसेच जातात. एक हात वर आणि एक खाली, त्याला 'माळा आणि चूल'. कमरेतून गोल फिरायचं ते जातं. मुठी आवळून डोळे वटारायचे त्याला ती म्हणायची, "सासूकडे पाहा!" शेजारच्या कुंताबाईची सासू पंच्याऐंशी वर्षांची आहे, ती बावीस जणींच्या बाजूला खुर्चीवर बसूनच हात हलवायची. ती त्या वेळेला मोठ्यानं म्हणायची, "मी सुनेकडे पाहून राह्यली व!"

मी बाजेवर बसून चहा पीत हे सगळं तीन वर्षं पाहिलं. माझाही डावा गुडघा कुरकुरतो. पण मी एकदाही उठून त्यांच्यात उभा राहिलो नाही.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी मी साडेपाचला उठून अंगण झाडलं, सडा टाकला. सहा वाजले, साडेसहा वाजले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवस मी अंगण झाडून बसलो. सहाव्या दिवशी कुंताबाईच्या घरी गेलो. कुंताबाई भागीरथाची मैत्रीण. पोटात काही ठेवणारी बाई नाही.

"कुंताबाई, कसरत बंद केली काय?"

"बसा भाऊजी. चहा घ्या."

"चहा नको. बंद केली काय ते सांगा."

ती पदर नीट करत म्हणाली, "आता कसं सांगू तुमाले? घरात बाईमाणूस नाई. एकट्या गड्याच्या अंगणात बावीस बाया सकाळी सकाळी हात वर करून उभ्या. लोकं काय म्हणतीन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन वर्षं तेच अंगण, तोच मी, तीच बाज. पण ती नव्हती म्हणून आता ते वेगळं अंगण झालं होतं.

"तं मग समाजमंदिरापुढे करा. तिथं तं मोकळी जागा हाये."

"करून पाह्यलं. परवा आठ जणी गेलतो. तिसरं झाल्यावर कोणी जातं फिरवे, कोणी गोफण मारे. ओळीनं कोणालेच येत नाई. भागीरथा बोलत जाये, आमी करत जावो. आता बोलणारं कोणी नाई." ती थोडं थांबली. "आन् पुढं उभं कोण राहीन? मी नाई राहत बाप्पा. सगळ्याइले पाठ दाखवून."

त्याच आठवड्यात संस्थेतून आचल मॅडमचा फोन आला. पोरगी तिशीच्या आतली, फिजिओथेरपीची डॉक्टर. भागीरथाच्या वेळी दुसऱ्या मॅडम होत्या, ही नवी. तिनं आधी भागीरथाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "काका, पौषात वर्ध्याला बाराही गावांचा मेळावा आहे. प्रत्येक गट व्यायाम करून दाखवेल. जे गट बंद पडलेत त्यांच्या जागी आम्ही दुसरी गावं घेणार आहोत. तुमचा गट सुरू आहे का?"

मी म्हटलं, "सुरू हाये."

खोटं बोललो. आयुष्यात फार खोटं बोललो नाही, पण ते बोललो. संस्थेच्या रजिस्टरमध्ये आमच्या गावापुढे भागीरथाचं नाव होतं. त्याआधी तिचं नाव रेशन कार्ड सोडून कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं तीन वर्षांत जे उभं केलं ते तिच्यासोबत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

मी कुंताबाईला जाऊन सांगितलं, "उद्या सहाले साऱ्या जणीइले घेऊन समाजमंदिरापुढे येजो. ओळ मले पाठ हाये."

"तुमाले? तुमी तं नुसते बाजेवर बसून राहत होते."

"बसून कान तं उघडे होते ना."

दुसऱ्या दिवशी चौदा जणी आल्या. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसलो आणि नावं पुकारायला लागलो. आभाळाला टेका. गोफण. माळा आणि चूल. मागे पाहा, गाय आली का. जातं. सगळं नीट चाललं होतं. सातव्या हालचालीला माझ्या तोंडातून शब्द निघेना. बावन्न वर्षांच्या, साठ वर्षांच्या बायकांना मी कसं म्हणणार, सासूकडे पाहा? सगळ्या थांबून माझ्याकडे पाहायला लागल्या.

कुंताबाईची सासू खुर्चीवरून ओरडली, "म्हण ना बाप्पा! मी नाई रागवत!"

मी म्हटलं. हसण्याच्या नादात ती हालचाल त्या दिवशी कोणीच केली नाही.

पण नुसतं पुकारून भागेना. हात किती वर, पाय किती फाकवायचा, हे समोर दिसायला हवं होतं. चौथ्या दिवशी मी पायजमा वर खोचला आणि पुढे जाऊन उभा राहिलो, सगळ्यांकडे पाठ करून. गोफणीत माझा गुडघा असा कडकन वाजला की मागच्या ओळीतही ऐकू गेला. जातं मला जमलंच नाही. कुंताबाई मागून म्हणाली, "भाऊजी, जातं होये थे, पाट्यावर मिरच्या वाटून राह्यले काय?"

समोर दौलतरावचं चहाचं दुकान आहे. माझ्याच वयाचा, शाळेतला सोबती. दुकानावरची माणसं पाहायची. मी पुढे उभा राहायला लागलो त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी दौलतराव मोठ्यानं म्हणाला, "रूपराव, बायको जाऊन दोन महिने नाई झाले, अन् तू बाया नाचवून राह्यला!"

सगळे हसले. बायकांचे हात खाली आले. एक जण तर चपला शोधायला लागली. मला वाटलं, झालं, इथेच संपलं.

मी दुकानापुढे गेलो. मला भांडता येत नाही. मी म्हटलं, "दौलतराव, तुही बायको सकाळी उठताना खाटेचा खूर धरते. मी पाह्यलं हाये. माही बायको दोन मजले चढून जाये. हे त्याच्यासाठी हाये. आता बोल, काय बोलतं थे."

 मी परत जाऊन उभा राहिलो आणि पुकारलं, "माळा अन् चूल." मागे पाहिलं नाही. पण बांगड्यांचा आवाज आला, एकदम आणि सगळ्यांचा, म्हणजे हात वर गेले होते.

महिन्याभरात बावीसच्या बावीस यायला लागल्या. माझं जातंही सुधारलं.

मेळाव्याच्या बारा दिवस आधी आचल मॅडम पाहायला आली. स्कूटी लावली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाजूला उभी राहून पाहत राहिली. आमचं झालं. मला वाटलं शाबासकी देईल. तिनं मला बाजूला घेतलं, पण बायका मागोमाग आल्याच.

"काका, क्रम बरोबर आहे. हात छान आहेत. पण एक चूक आहे, आणि ती सगळ्यांचीच आहे. तुमचीसुद्धा." तिनं स्वतः करून दाखवलं. "धनुष्य ओढताना डावा पाय सरळ बाजूला टाकायचा असतो. असा. तुम्ही सगळे तो तिरपा, मागे टाकता. मग शरीराचा भार उजव्या गुडघ्यावर जातो. दोन्ही गुडघ्यांनी भार वाटून घ्यायचा, हाच या व्यायामाचा अर्थ आहे."

एक बाई म्हणाली, "म्हणूनच माहा उजवा दुखते!"

"तुहा तं लग्नाच्या आधीपासून दुखते व," कुंताबाई म्हणाली.

आचल म्हणाली, "फायदा झालाच असेल. पण कुणीतरी सुरुवातीलाच चुकीचं शिकवलं आहे."

 कुणी शिकवलं ते सगळ्यांना माहीत होतं. माझे कान तापले. मी म्हणणार होतो की माझ्या बायकोनं काही चुकीचं शिकवलं नाही. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मला आठवलं, आणि मी तसाच उभा राहिलो.

आमच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे. भागीरथा पुढे उभी राहायची तेव्हा ते तिच्या डाव्या हाताला यायचं. शिकवणं सुरू केलं त्या पहिल्याच आठवड्यात गोफणीच्या वेळी तिचा पाय वृंदावनाच्या ओट्याला लागला. ती थांबली, वाकून हात लावला, हात कपाळाला लावला, आणि पुढे चालू केलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा डावा पाय तिरपा मागे पडू लागला. ती एक हात उजवीकडे उभी राहिली असती तरी भागलं असतं. पण उजवीकडे माझी बाज होती.

मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाजेचंही सांगितलं.

 मग कुंताबाई म्हणाली, "अवं माय. मले वाटे, चीनमधे पाय तसाच टाकत असतीन."

आधी हसू फुटलं. मग दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. मी त्या बावीस जणींकडे पाहत होतो. यांच्यापैकी कितीतरी जणी दुपारी आपापल्या घरी, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, गोठ्यापुढे हा व्यायाम करत असत. तीन वर्षं त्यांनी प्रत्येक ठिकाणी आमच्या अंगणातल्या तुळशीला पाय लागू नये म्हणून पाय मागे घेतला होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. माझ्या बायकोवर त्यांचा एवढा भरवसा होता. मला रडू आलं नाही. माझा ऊर भरून आला, पण दुःखानं नाही.

कुंताबाई आचलकडे वळली. "पाह्य म्याडम, आता तं आमी बदलवतच नाई. भागीरथाचा पाय होये थो. तुमाले चूक वाटते तं वाटू द्या."

"हाव, नाई बदलवत," मागून दोन-तीन आवाज आले.

आचल माझ्याकडे पाहायला लागली. ती काही बोलली असती तर कदाचित मीही त्यांच्यासारखाच अडून बसलो असतो. पण ती बोलली नाही. आणि मला त्या पायऱ्यांवरून भिंतीकडे तोंड करून उतरणारी भागीरथा दिसली. तिला तिचा पाय कुणी जपून ठेवावा असं वाटलं नसतं. तिला बायकांचे गुडघे चालायला हवे होते.

मी म्हटलं, "बदलवा लागीन. तिच्या पायाशी तुळस होती. तुमच्या पायाशी काय हाये?"

कुंताबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की सातव्या हालचालीत तिनं कधी तसं पाहिलं नसेल. "भाऊजी, तुमी म्हणून राह्यले हे?"

"मीच म्हणून राह्यलो. माह्याशिवाय कोण म्हणीन?"

म्हणणं सोपं होतं. तीन वर्षांची सवय बारा दिवसांत काढायची होती. आचल रोज येऊ शकत नव्हती. मी सांगायचो, सरळ टाका, सरळ टाका. दोन वेळा सरळ पडायचा, तिसऱ्या वेळेला तिरपा. माझाही तसाच. डोक्याला कळत होतं पण पायाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी घरून रोप लावायची दोरी आणली. वांग्याचं रोप लावताना आम्ही वाफ्यावर दोरी ताणतो. दोन-दोन फुटांवर गाठी असतात, जिथे गाठ तिथे रोप. गावातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यभर त्या दोरीवर काम केलं आहे. रोप दोरीच्या बाहेर लागलं तर घरात बोलणी खावी लागतात. समाजमंदिरापुढे मुरूम आहे, त्यात मी खुट्या ठोकल्या आणि चार ओळी ताणल्या. प्रत्येकीनं दोरीला अंगठे लावून, एका गाठीला उजवा पाय ठेवून उभं राहायचं. डावा पाय डावीकडच्या गाठीला.

"आता रोप समजा," मी म्हटलं.

पुढे काही सांगावं लागलं नाही. बावीस डावे पाय गाठीवर पडले. एक जण चुकली तर शेजारच्या दोघी तिला बोलल्या, "वळीत लाव व!" आठ दिवसांत सवय गेली. शेवटच्या दिवशी दोरी काढून घेतली तरी पाय सरळच पडत होते.

मी दोरी गुंडाळत होतो आणि मला एकदम पोकळ वाटलं. तिचं एक पाऊल गावात शिल्लक होतं, ते मीच काढून टाकलं. ते बरोबरच होतं. तरी वाटायचं ते वाटलंच.

मेळाव्याला आम्ही दोन ऑटो करून गेलो. वर्ध्याला एका मंगल कार्यालयात होता. अडीचशे तरी बायका असतील. बाकीच्या गटांत पुढे उभी राहणारी बाईच होती. मी एकटा गडी. आमच्या आधी पाच गावांचं झालं. आमच्या गावाचं नाव पुकारलं. सगळ्या जाऊन ओळीत उभ्या राहिल्या आणि माझ्यासाठी पुढची जागा मोकळी ठेवली.

रात्रभर मी त्याच जागेचा विचार केला होता. मी चौसष्ट वर्षांचा. मी पुढे उभा राहिलो तर लोक म्हणतील, बिचारा बायकोसाठी करतो. आणि मी थकलो की पुन्हा तेच. पुन्हा आठ जणी समाजमंदिरापुढे, कोणी जातं फिरवतंय, कोणी गोफण मारतंय. भागीरथाचं काम माझ्या गुडघ्यांवर टिकणार नव्हतं.

मी पुढे गेलो नाही. शेवटच्या ओळीत जाऊन उभा राहिलो.

पुढची जागा रिकामी. बायका वळून वळून पाहायला लागल्या. माइकवरच्या बाईनं विचारलं, "गटप्रमुख कोण?" कुंताबाई पहिल्या ओळीत होती. ती मान मागे करून दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी! या ना पुढे!"

मी जागचा हललो नाही.

"भाऊजी, लोकं पाहून राह्यले!"

"मंग लवकर सुरू करा," मी म्हटलं.

तिनं दातओठ खाल्ले. काहीतरी पुटपुटली, ते चांगलं नव्हतं. मग पदर कमरेला खोचला, दोन पावलं पुढे गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. तिचा पहिला शब्द चिरकला. दुसरा नीट आला. गोफणीपर्यंत तिचा आवाज असा झाला जसा बाजारात वांगी विकताना असतो, आणि तो आवाज सेवाग्रामच्या बाजारात शेवटच्या दुकानापर्यंत जातो.

शेवटच्या ओळीतून मला सगळ्यांचे पाय दिसत होते. डावा पाय सरळ, भार दोन्हीकडे सारखा. "सासूकडे पाहा!" कुंताबाई ओरडली, आणि मंगल कार्यालय हसून हसून थांबेना. तिची सासू गावी राहिली होती म्हणून बरं. शेवटी टाचा वर करून सात वेळा धप्प, आणि संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतर गावांनाही वाजवल्या होत्या, पण मला आमच्या जास्त वाटल्या.

जेवताना आर्वीकडच्या एका गावची बाई आमच्या पंगतीत येऊन बसली. त्यांचा गट दोन वेळा बंद पडला होता. तिथेही बायकांना नावं आणि क्रम लक्षात राहत नव्हता. तिनं विचारलं, "तुमाले हे कोणं शिकवलं? हे गोफण अन् जातं?"

आमच्या बावीस जणी एकाच वेळी म्हणाल्या, "भागीरथानं." एकीच्या तर तोंडात वरण होतं.

"कोणती व तुमच्यातली? आमच्या गावाले येईन काय एखाद्या दिवशी?"

 मग कुंताबाईनं घास खाली ठेवला. "ती आता नाई. ती भाद्रपदात गेली." आणि म्हणाली, "येईन मी. गुरुवारी चालते काय?"

परत येताना ऑटोत मी म्हटलं, "मी येऊ काय सोबत? आर्वीची गाडी बदलावी लागते."

"तुमी कायले? मले चढता येते गाडीत," कुंताबाई म्हणाली. "अन् तुमी आले तं मी बोलू कशी? तुमी मागं उभे राहून हसता."

गुरुवारी ती गेली. समाजमंदिरापुढे सकाळी सहाला एकवीस बायका आणि मी. पुढची जागा रिकामी होती. कोणी कोणाला सांगितलं नाही. रूपा नावाची गावातली एक सून, चाळिशीची, गटात सगळ्यांत लहान, पुढे जाऊन उभी राहिली. तिनं माळा आणि चूल विसरून एकदम जातं सुरू केलं. मी शेवटच्या ओळीत होतो. मला ओळ पाठ आहे, पण मी तोंड उघडलं नाही. मधल्या ओळीतून तिघी-चौघी एकदम ओरडल्या, "अवं, चूल राह्यली!" ती हसली, हात खाली आणले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.